कांदा-लसूण चटणीचा दर काढताना या चुका टाळा

कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. माल खपतो, पण हातात काही उरत नाही. अशा वेळी आधी हिशेबाची पहिली ओळ तपासा.

समजा मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, तेल असा १० किलो कच्चा माल ३,४०० रुपयांना आला. म्हणून किलोला ३४० धरू नका. देठं निघतात, कांद्यातलं पाणी उडतं, कांडपातही थोडी घट येते. तयार चटणी साडेआठ किलोच भरली, तर किलोला ४०० पडले. प्रत्येक घाण्याला तयार माल तोला आणि त्या वजनानेच भागा. वर कांडप, गॅस, पाकीट, मजुरी मिळून ८० धरू. खर्च झाला ४८०. घरच्या बायकांची मजुरी यात हवीच. ती सोडली, तर मागणी वाढून बाहेरची बाई लावली की तोटा सुरू.

आता नफा. विक्रीवर २५% हवा म्हणून ४८० वर २५% चढवले, की दर ६०० होतो आणि नफा विक्रीच्या २०% च राहतो. ४८० ला ०.७५ ने भागा, म्हणजे ६४०. दुकानदार एमआरपीवर २०% मागत असेल तरी हीच रीत: ६४० भागिले ०.८, म्हणजे ८००. इथे २०% मिळवून ७६८ छापलेत, तर हातात ६१४ च येतात. जीएसटी लागत असेल तर तो यात धरूनच एमआरपी छापा. एमआरपी सर्व करांसहित असते.

सर्वांत महाग पडते ती सवलत. ६४० वर १०% सूट दिली की १६० चा नफा ९६ वर येतो. आधी ३ किलोत सुटणारे पैसे मिळवायला ५ किलो विकावे लागतात. सणाला काही द्यायचंच असेल तर सोबत छोटं पाकीट द्या, दर पाडू नका.

छोट्या पाकिटाचा दर मात्र किलोच्या दराला नुसतं भागून काढू नका. पाकीट-लेबलला ५ रुपये लागले, तर १०० ग्रॅमच्या पाकिटात तो किलोमागे ५० रुपये खर्च होतो.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचा दर बघून आपला ठरवू नका. त्याने संकेश्वरी मिरची हंगामात पोत्याने भरलेली असते, तुम्ही ती पावसाळ्यात किलोने घेता.

मिरची महागली तर छापलेल्या एमआरपीवर वाढीव दराचं स्टिकर चालत नाही. कमी दराचं चालतं, तेही मूळ एमआरपी न झाकता. म्हणून लेबलं एकदम वर्षाची छापून ठेवू नका.