चाचणीची पेटी उघडण्याआधी

माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: 'आयक्यू टेस्ट'. मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायला शिकायला आलेल्यांना मी पहिल्या दिवशी चाचणीच्या साहित्याच्या पेटीला हात लावू देत नाही. ती चिठ्ठी समोर ठेवते आणि विचारते, पाठवणाऱ्याला नेमकं काय हवंय? मुलगी वाचताना का अडखळते? अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस पुन्हा हिशेबाचं काम करू शकेल का? उपचार सुरू झाल्यापासून उदासी कमी झाली का? मुलीसाठी वाचन, ध्वनींची जाण आणि स्मृती तपासावी लागेल; त्याआधी तिचे डोळे आणि कान कुणी तपासलेत का, हे विचारावं लागेल. अपघातातल्या माणसासाठी अवधान, कामाचा वेग आणि तो आधी कसं काम करायचा याची माहिती लागेल. उदासीसाठी २१ प्रश्नांची बेकची नैराश्य प्रश्नावली ठरावीक अंतराने भरून घेतली तरी बरंच कळतं. नुसता बुद्ध्यांक यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

म्हणून आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. पाठवणाऱ्याला फोन करा, वाक्य वाचून दाखवा, 'हेच ना?' असं विचारा. या फोनमुळे माझं निम्मं काम सोपं झालेलं आहे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची मोजपट्टी केली, तीही एका नेमक्या गरजेतून: शाळेत कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल, हे ओळखायचं होतं. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी गोष्ट आहे, असं बिने मानत नव्हते. पुढे लोकांनी आकडा उचलला आणि प्रश्न मागे टाकला.

आता चाचणी निवडा. निवडताना मॅन्युअलमधलं प्रमाणकांचं (म्हणजे तुलनेसाठी आधी अनेक लोकांकडून जमवलेल्या गुणांचं) प्रकरण आधी वाचा, कारण आपला माणूस कुणाशी ताडून पाहिला जाणार हे तिथं कळतं. त्या नमुन्यात त्याच्या वयाचे, त्याच्या भाषेचे, त्याच्याइतकं शिकलेले लोक होते का? प्रमाणकं कोणत्या वर्षीची आहेत? विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिचाचण्यांतली कामगिरी दर दशकाला साधारण ३ गुणांनी वाढत गेली. म्हणजे जुनी प्रमाणकं वापरली की माणूस आहे त्यापेक्षा वर दिसतो. आणि चाचणीचं भाषांतर झालं म्हणजे ती त्या भाषेची झाली, असं होत नाही. वेल्श भाषेतले अंक उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्यानेही ऐकून लक्षात राहणाऱ्या अंकांची संख्या कमी भरते. स्मृती तीच, शब्द लांब.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे शब्द पाठ करण्यात अर्थ नाही. पुन्हा मोजलं तर जवळपास तेच येईल का, हा पहिला प्रश्न. जे मोजतोय असं म्हणतो तेच मोजतोय का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर कधीच सरसकट नसतं. एका कामासाठी सप्रमाण असलेली चाचणी दुसऱ्या कामाला कुचकामी ठरू शकते.

चाचणी घेण्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण चुका इथेच होतात आणि नंतर कागदावर त्या दिसत नाहीत. शिकत असताना मी एका मुलाची अंकस्मृती, म्हणजे ऐकलेले अंक त्याच क्रमाने परत सांगायची चाचणी, घेत होते. अंक एकेक करून, सेकंदाला एक या गतीने वाचायचे असतात. मी ते नकळत जोड्यांनी वाचत होते, फोन नंबर सांगावा तसे: ४-९, थोडं थांबून २-७. मुलगा छान उत्तरं देत होता, मलाही बरं वाटत होतं. मागे बसलेल्या बाईंनी चाचणी संपल्यावर मला शांतपणे सांगितलं, "गट तू पाडून दिलेस, त्याने फक्त उचलले." तो स्कोअर आम्हाला टाकून द्यावा लागला. ते अंक त्याने आता ऐकलेले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच यादी वापरताही येईना. तेव्हापासून मी सेकंदकाटा पाहत मोठ्याने वाचायचा सराव करते, आजही. (वरचे अंक माझे आहेत. खऱ्या चाचणीतला एकही प्रश्न बाहेर सांगू नका, घरच्यांनासुद्धा.)

सूचना मॅन्युअलमध्ये आहेत त्याच शब्दांत द्या. 'बरोबर', 'शाब्बास' म्हणू नका. 'मन लावून करतोयस' एवढं चालतं. आणि कागदाच्या समासात लिहीत राहा. दोन मुलांना ठोकळ्यांच्या एकाच आकृतीवर शून्य मिळतं. एकीने ती वेळ संपल्यावर सहा सेकंदांनी अगदी बरोबर लावली. दुसऱ्याने पहिला ठोकळा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. तक्त्यात दोघांचं शून्य सारखंच, पण अहवाल सारखा कसा लिहाल?

गुण काढून झाले की बेरीज दुसऱ्यांदा करा. तक्ता पाहताना वयाचा रकाना चुकणं ही नेहमीची गफलत आहे. वेक्सलरच्या बुद्धिचाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ धरलेलं असतं, म्हणजे साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. समजा चाचणीची विश्वसनीयता ०.९१ आहे (१ म्हणजे पूर्ण भरवशाची) आणि कुणाला ९२ मिळाले. तर मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण मोजण्यात साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, ४.५ येते आणि ९२ हा आकडा ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर ८३ ते १०१ असा सांगावा लागतो. मी अहवालात पट्टाच लिहिते. एकटा आकडा लिहिला की लोक तोच लक्षात ठेवतात.

९२ म्हणजे साधारण ३० वा पर्सेंटाइल. हे ऐकून एका आईचा चेहरा पडला होता. तिला वाटलं, मुलीला शंभरपैकी तीस मार्क पडले. आता मी असं सांगते: तिच्या वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली, तर साधारण तीस तिच्या मागे असतील, आणि ही मधल्याच घोळक्यातली जागा आहे.

चाळणी चाचणीला, म्हणजे त्रास असू शकेल अशांना पटकन वेगळं काढणाऱ्या चाचणीला, निदान समजू नका. हजार लोकांत ५० जणांना एखादा त्रास आहे असं धरा. चाचणी त्यातले ८० टक्के पकडते आणि त्रास नसलेल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. पण ती ४० जणांना बरोबर आणि ९५ जणांना चुकून पकडेल. पकडलेल्या १३५ पैकी त्रास असलेले जेमतेम ३० टक्के. पकडलेल्या प्रत्येकाशी बोलल्याशिवाय, त्याचा इतिहास घेतल्याशिवाय त्याच्या कागदावर कोणतंही नाव चिकटवू नका.

एक गोष्ट क्रमात बसत नाही म्हणून वेगळी सांगते. नैराश्याच्या ज्या प्रश्नावलीत जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल प्रश्न असतो, तो कागद हातात आल्याबरोबर आधी तेच उत्तर पाहा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तो नववा, शेवटचा प्रश्न आहे. एकूण गुण २७ पैकी कितीही कमी असोत, तिथे शून्याशिवाय काही दिसलं तर बेरीज राहू द्या. माणूस अजून खोलीत आहे तोवर त्याला सरळ शब्दांत विचारा: मरावंसं वाटतं का, कधीपासून, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका. तुमच्या वरिष्ठांना बोलवा, त्याच्या जवळच्या माणसाला बोलवा, आणि पुढची मदत कुठे, कधी, कुणासोबत हे ठरल्यावरच त्याला दारापर्यंत सोडायला जा.