सेकंड हँड सिव्हिक टाइप आर घेताय? एफके८ आणि एफएल५ ची तुलना अशी करा

टाइप आर म्हणजे होंडा सिव्हिकची वेगवान, स्पोर्टी आवृत्ती; एफके८ हे तिच्या जुन्या पिढीचं सांकेतिक नाव आणि एफएल५ हे नव्या पिढीचं. भारतात होंडाने टाइप आर कधी विकलीच नाही, त्यामुळे हे मुख्यतः यूके, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

आधी एक लक्षात घ्या, दोन्हीत तेच २ लिटर टर्बो इंजिन, ६ स्पीड मॅन्युअल, ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक आणि सीटही ४च. त्यामुळे नुसते पॉवरचे आकडे बघून निर्णय घेऊ नका, आणि बघायचेच असतील तर एकाच देशाचे बघा (पीएस आणि एचपी ही दोन्ही इंजिनाच्या ताकदीची थोडी वेगळी मापं). जपानमध्ये एफके८ ३२० पीएस आणि एफएल५ ३३० पीएस, अमेरिकेत त्याच गाड्या ३०६ आणि ३१५ एचपी, आता कोणी अमेरिकेची जुनी आणि जपानची नवी शेजारी ठेवली तर फरक उगाच मोठा दिसणार.

न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेस ट्रॅकवरच्या एका फेरीच्या वेळेचंही तसंच. एफके८ ची ७:४३.८०, एफएल५ ची ७:४४.८८१, म्हणजे जुनी फास्ट असं बरेच जण म्हणतात, पण जुनी वेळ २०.६ किमीची आहे आणि नवी २०.८३२ किमीची, जास्त अंतर जाऊन फक्त सेकंदभर जास्त लागला म्हणजे नवीच फास्ट ना!

खरा फरक टायरमध्ये आहे. एफके८ ला २० इंची रिम आणि २४५/३० टायर, एफएल५ ला १९ इंची रिम आणि २६५/३०, म्हणजे रबर रुंद झालं आणि साइडवॉलही थोडी वाढली, खराब रस्त्यावर हे लगेच जाणवतं. त्यामुळे एफके८ बघायला गेलात तर चारही रिम आतल्या बाजूनेसुद्धा तपासा, खड्ड्यात वाकलेली रिम बाहेरून दिसत नाही.

ट्रॅकवर नेणार असाल तर गरम होण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीच्या एफके८ ट्रॅकवर लवकर तापतात, म्हणून २०२० च्या मॉडेलमध्ये होंडाने पुढची जाळी १३ टक्के मोठी केली, रेडिएटर सुधारला, पुढच्या ब्रेक डिस्क टू-पीस (दोन भागांच्या) केल्या. माझं स्पष्ट मत, एफके८ घ्यायची तर २०२० किंवा नंतरचीच शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

टेस्ट ड्राइव्हला इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायला लावा, दुसरा-तिसरा गिअर अडकतो का बघा, क्लच स्लिप होतो का बघा आणि ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) ट्यून केलाय का ते सरळ विचारा. मग दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवा. प्लस आर या सगळ्यात आक्रमक ड्रायव्हिंग मोडमध्ये सस्पेन्शन कडक होतं, एफके८ मध्ये मोड बदलला की सगळंच एकदम बदलतं, एफएल५ ला मात्र इंडिव्हिज्युअल मोड आहे, इंजिन प्लस आर मध्ये आणि सस्पेन्शन कम्फर्टमध्ये ठेवता येतं. रोज ऑफिसला हीच गाडी नेणार असाल तर मी तेवढ्यासाठीसुद्धा एफएल५ घेईन.