सीईटीचं स्कोअरकार्ड हातात आलं, आता ते वाचायचं कसं?

मी कराडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या प्रवेशांसाठी राज्यात होणाऱ्या परीक्षेचा निकाल लागला की मुलं मोबाईल घेऊन स्टाफरूमच्या दारात येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, ८७ पडलेत, म्हणजे २०० पैकी किती?"

हे ८७ म्हणजे मार्क नव्हेत, पर्सेंटाईल आहे: तुमच्याइतके किंवा कमी मार्क पडलेली मुलं शंभरात किती, ते. पर्सेंटाईलवरून मार्क काढता येत नाहीत, तो नाद सोडा. पण आधी स्कोअरकार्ड मिळवू. ते ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अधिकृत संकेतस्थळावर, तुमच्या लॉगिनमध्येच मिळतं. फॉर्म गावातल्या नेट कॅफेत भरला असेल, तर त्यात ई-मेल कुणाचा टाकला आणि पासवर्ड काय ठेवला हे निकालाच्या आधीच विचारून घ्या. निकालाच्या दिवशी कॅफेवाल्याचा फोन लागत नाही आणि घरात रडारड होते. पीडीएफ उतरवली की स्वतःलाच मेल करून ठेवा.

आता आकडा. २०१९पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या दिवशी आणि सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा; एखादा सोपा, एखादा घाम काढणारा. त्यामुळे तुमची तुलना फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी होते. समजा, तुमच्या सत्रात २०,००० जण बसले आणि त्यांतल्या १८,६०० जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडले. १८,६०० भागिले २०,०००, गुणिले १००. तुमचा पर्सेंटाईल ९३. सकाळच्या सत्रातल्या मैत्रिणीला तुमच्यापेक्षा चार मार्क कमी असूनही तिचा पर्सेंटाईल जास्त येऊ शकतो, कारण तिचा पेपर अवघड होता. यात अन्याय नाही, उलट अन्याय होऊ नये म्हणूनच ही पद्धत आहे. दशांश चिन्हापुढे सात आकडे असतात तेही उगाच नाहीत. लाखो मुलांत बरोबरी कमी व्हावी म्हणून ते लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकूण पर्सेंटाईलवर. मॅथ्स ९१, फिजिक्स ७८, केमिस्ट्री ८२ आणि एकूण ८८ असं दिसलं की पालक बेरीज करून तीनने भागतात आणि "निकाल चुकलाय" म्हणतात. चुकलेला नसतो. एकूण पर्सेंटाईल ही तिघांची सरासरी नाही. तुमच्या एकूण मार्कांवरून तो वेगळा काढतात. त्यात मॅथ्स १०० मार्कांचं, फिजिक्स आणि केमिस्ट्री ५०-५०चं. इंजिनिअरिंगसाठी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाचा हा एकूण आकडाच बघा. पीसीएम आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) दोन्ही दिलं असेल, तर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

"८८ला कुठलं कॉलेज मिळेल?" याचं उत्तर स्कोअरकार्डात नसतं, ते मागच्या वर्षीच्या कॅप राऊंडच्या (सरकारी केंद्रीभूत प्रवेशफेरीच्या) कटऑफ यादीत असतं; कटऑफ म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या आकड्यावर झाला तो. त्या पीडीएफमध्ये कॉलेज आणि शाखेखाली दोन आकडे दिसतात: वरचा मेरिट नंबर, कंसातला पर्सेंटाईल. रकान्यांवरची अक्षरं बघून घाबरू नका. सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव, मग प्रवर्ग, शेवटचं 'एच' म्हणजे तुमच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तरावरची जागा. मुलींनो, 'एल'चा रकाना आवर्जून बघा. नुसता 'जी' बघून चांगल्या कॉलेजचं नाव यादीतून खोडणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात, आणि फार वाईट वाटतं.

पहिल्या राऊंडचा कटऑफ बघून थांबू नका, पुढच्या राऊंडचेही उघडा. बऱ्याच शाखांचे आकडे खाली आलेले दिसतील. आणि बारावीची मार्कशीट जवळ ठेवा. पर्सेंटाईल कितीही असला तरी ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात.