रसेल भारी का चेंबरलेन? तुलना करायची कशी

भावा, रंकाळ्यावर भेळ खाताना एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ह्या दोन जुन्या खेळाडूंचा वाद निघाला की आधी पॉइंटवर जाऊ नकोस, विल्ट चेंबरलेननं १९६१-६२ ला मॅचमागं ५०.४ पॉइंटचं ॲव्हरेज काढलंय, एका मॅचला तर १००, आणि बिल रसेल अख्ख्या करिअरला १५ च्या आसपास, मग विषयच संपतोय. पहिल्यांदा टायटल मोज, रसेल १३ सीझनमध्ये ११, विल्ट २. रिबाउंड, म्हंजे हुकलेला शॉट परत पकडणं, मॅचमागं जवळपास सारखेच, रसेल २२.५ आणि विल्ट २२.९. ब्लॉक, म्हंजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, मात्र १९७३-७४ पासनं मोजायला लागले, तोवर दोघं रिटायर, म्हणून रसेलचं निम्मं काम कागदावर सापडतच न्हाई. माझं मत रसेललाच, खासबागेत नुसती ताकद बघून कोण कुस्ती ठरवतंय का? जुना व्हिडिओ लाव आणि पॉज करून बघ, ब्लॉक केलेला बॉल रसेल बाहेर न उडवता हलकेच टॅप करून आपल्याच टीमच्या पोराच्या हातात पाडतोय.