जुन्या गाडीतून आल्प्सचे घाट: आधी उताराचा हिशोब

जुन्या गाडीतून आल्प्समध्ये फिरायचं ठरवलंत की नकाशावर प्रत्येक घाटाचा उतार आधी बघा. चढावर गाडी दमली तर बाजूला घेऊन बॉनेट उघडता येतं. उतारावर ब्रेक दमले तर थांबणंच आपल्या हातात राहत नाही. इंदुरातली ओळखीची मंडळी मला पहिल्यांदा ‘कोणती गाडी घ्यावी?’ असं विचारतात. मी म्हणते, आधी घाट ठरवा, मग ते कोणत्या बाजूने चढायचे ते ठरवा, गाडीचं नंतर बघू.

पहिल्या खेपेला मुक्काम स्वित्झर्लंडमधल्या अँडरमाटला करा. एकाच गावात सामान ठेवून रोज वेगळा फेरा मारता येतो. पहिल्या दिवशी फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिम्झेल (२,१६४) आणि सुस्टेन (२,२२४) करून वासेनमार्गे परत. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण जुन्या गाडीला आणि चालवणाऱ्याला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी फुर्का ओलांडून उलरिखेन, तिथून नुफेनेन (२,४७८) चढून आयरोलोला उतरायचं आणि ट्रेमोलाच्या जुन्या रस्त्याने गोटहार्ड (२,१०६) गाठायचा. या फेऱ्याची दिशा उलटी करू नका. ट्रेमोला हा दगडी फरसबंदीचा रस्ता आहे, त्यावर २४ वळणं आहेत आणि पावसात दगड निसरडे होतात. असा रस्ता ड्रम ब्रेकच्या (चाकातल्या बंद डब्यात आतून घासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ब्रेकच्या) गाडीने चढावा, उतरू नये.

हाच विचार इटलीतल्या स्टेल्व्हिओला लावा. प्रातो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला आहे. खाली ४८ पासून सुरू होऊन माथ्याशी १ येतो. ही बाजू चढायला घ्या आणि उतरताना उंब्राइल घाटाने सांता मारियाला या. १८२० ते १८२५ या काळात घोडागाड्यांसाठी बांधलेला हा स्टेल्व्हिओचा रस्ता. सकाळी सातला निघालात तर वळणावर गाडी मोकळेपणाने फिरवता येते. रविवारी मात्र जाऊ नका, मोटारसायकलींची रीघ लागते.

हे सगळे घाट साधारण जून ते ऑक्टोबर उघडे असतात, पण तारीख बर्फावर ठरते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढू नका. मला सप्टेंबरचा पूर्वार्ध पसंत आहे. हवा थंड असते, इंजिन कमी तापतं, गर्दी ओसरलेली असते. गणपती त्याच सुमारास येतात, तेव्हा घरी आधी बोलून घ्या.

आता ब्रेकबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की ड्रम तापून फुगतो, लायनिंगला (ड्रमला घासणाऱ्या अस्तराला) जास्त अंतर कापावं लागतं आणि पेडल खोल जायला लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते हवेतलं पाणी शोषून बसलेलं असतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या ऑइलची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. गाडी भाड्याने घेताना मालकाला ‘ब्रेक ऑइल कधी बदललं?’ हे रंग आणि मॉडेलच्या आधी विचारा. उतरताना ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता त्याच गिअरमध्ये राहा, वळणाआधी ब्रेक एकदा नीट दाबा आणि सोडा. लायनिंगचा करपट वास आला तर पुढच्या रुंद जागी थांबा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

याचा सराव इथेच होतो. महूहून जामघाट उतरून मंडलेश्वरकडे जाताना मी आमची फियाट ११०० दुसऱ्या गिअरमध्ये ठेवते. बाबा शेजारी बसून वळणापलीकडचं सांगतात, “ये… ये… थांब, बस आहे.” ही सवय तिकडे फार कामाला येते. तिकडच्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत रस्त्याच्या कडेला शेजारचाच माणूस असतो, म्हणून ती कड त्यालाच आधी दिसते.

अडीच हजार मीटरवर हवा विरळ असल्याने कार्बोरेटरच्या गाडीची ताकद जवळपास पावपट कमी होते. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, इंजिन घुसमटतं. त्यात गाडीचा दोष नाही, खालचा गिअर घ्या. माथ्यावर पोहोचल्या पोहोचल्या इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं तसंच चालू द्या. नाहीतर साठलेल्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरूच होत नाही. मे महिन्यात पद्मिनीच्या इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवणाऱ्याला हा उपाय वेगळा शिकवायला नको.

गाडी निवडताना अरुंद घ्या. महाराजा यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या शहराला लांबलचक गाडीचा मोह होणारच. पण हेअरपिनवर लहान फियाट किंवा बीटल एका झोकात वळते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी मिळाली तर विचार न करता तीच घ्या. करारात रोजची किलोमीटर मर्यादा आणि बंद पडल्यास उचलून नेण्याची सोय वाचून घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्टबसचा, म्हणजे टपालाच्या प्रवासी बसचा रस्ता. तिथे बसचालक जे सांगेल ते ऐकायचं, मागे घे म्हणाला तर घ्यायची. तिचा तीन सुरांचा भोंगा वळणाआधीच ऐकू येतो, म्हणून खिडकीची काच थोडी उघडी ठेवा. एरवी समोरासमोर आल्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट. हेडलाइट दिवसाही चालू हवेत.

कागदपत्रांत फार गूढ काही नाही. इंदुरातल्या नायता मुंडलाच्या आरटीओतून गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, मुक्काम ज्या देशात जास्त त्याच्याकडे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकची विन्येट (टोलची पावती) लागते. भाड्याच्या गाडीला ती बहुधा असते, तरी मालकाला विचारून घ्या.

आणि गाडी परत करायच्या आदला दिवस रिकामा ठेवा. इतक्या उंचीवर ऑगस्टमध्येही बर्फ पडून घाट बंद होऊ शकतो. तसं झालं तर बोगद्यातून किंवा खालच्या दरीतून लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि जुन्या गाडीत त्याला आख्खा दिवस जातो.