लहान मुलांना घेऊन दिवाळीचा किल्ला

दिवाळीतला किल्ला लक्ष्मीपूजनाआधीच ढासळतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक तर आतले दगड-विटा डुगडुगत असतात, नाहीतर हिरवळीसाठी पेरलेल्या अळिवाला कुणीतरी मगाने पाणी घातलेलं असतं. म्हणून चार ते दहा वर्षांची मुलं हाताशी असतील तर पाया आणि पाणी ही दोन कामं मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावीत आणि उरलेलं सगळं मुलांवर सोडावं. बुरूज वाकडा झाला तर वाकडाच राहू द्यावा. मुलं झोपल्यावर तो गुपचूप सरळ केलेला त्यांना सकाळी बरोबर कळतो आणि मग किल्ल्यातला त्यांचा जीवच जातो.

दिवसांचा हिशेब

सगळं गणित अळिवावरून मांडायचं. अळीव पेरल्यावर दीड-दोन दिवसांत मोड येतात, चौथ्या-पाचव्या दिवशी किल्ला हिरवा दिसू लागतो आणि दहा-बारा दिवसांनी रोपं पिवळी पडून लोळायला लागतात. म्हणजे वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरणी झाली की भाऊबीजेपर्यंत हिरवळ टवटवीत राहते. पेरणीच्या आधी लिंपण एक दिवस सुकायला हवं आणि पायाला एक दिवस लागतो. तेव्हा वसुबारसेच्या आठवडाभर आधी माती घरात आलेली असावी. त्या दिवसांत शाळेची सहामाही चालू असेल तर पाया मोठ्यांनी घालून ठेवावा. मुलांना एरवीही त्यात फारसा रस नसतो.

कोणता गड करायचा

“एक किल्ला” करण्यापेक्षा एखादा खरा गड निवडला की मुलांना दर पायरीला प्रश्न पडतात. पहिल्यांदाच करत असाल तर प्रतापगड किंवा शिवनेरी सोपा. राजगड सुंदर दिसतो, पण पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या आणि मधे उंच बालेकिल्ला करायचा तर किमान पाच फूट बाय पाच फूट जागा हवी. रायगडाला टकमक टोक, हिरकणी बुरूज, गंगासागर तलाव, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर इतक्या खुणा आहेत की पाच मुलांना पाच कामं सहज वाटून देता येतात. भावंडांची आणि शेजारच्या मुलांची भांडणं टाळायला याहून चांगला गड नाही.

फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र डोंगरी किल्ल्याचा हट्ट धरू नये. ओली माती आणि विटा यांचं वजन फार होतं. दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग करावा: तटबंदी बुटकी, माती कमी, उतार नाही आणि नागमोडी तटाला भरपूर बुरूज. भोवती खरं पाणी ठेवू नका, तट खालून विरघळतो. निळ्या रांगोळीचा समुद्र उत्तम. बाल्कनीतही डोंगरच हवा असेल तर विटांऐवजी पुठ्ठ्याचे खोके आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरून वापरावेत. खाली जाड प्लॅस्टिक हवंच.

माती

चार फूट बाय तीन फुटांच्या, दीड फूट उंच किल्ल्याला दहा-बारा घमेली माती लागते. तांबडी माती सर्वांत चांगली. शेतातली काळी माती एकटी वापरली तर सुकताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी बोट जाईल एवढे तडे पडतात. काळीच मिळत असेल तर तीन घमेली मातीला एक घमेलं वाळू आणि दोन ओंजळी बारीक कापलेला पेंढा किंवा भुसा मिसळावा. पेंढा माती धरून ठेवतो, तडे पडू देत नाही.

माती आधी चाळून घ्यावी. या कामाला तीन-चार वर्षांची मुलं तासभर रमतात. चाळायला देण्यापूर्वी मोठ्यांनी मात्र ती एकदा फावड्याने पसरून पाहावी, कारण बांधकामाच्या मातीत काचा आणि खिळे हमखास सापडतात. अंगणातल्या जुन्या विटांच्या ढिगात मुलांना हात घालू देऊ नये. पावसाळ्यानंतर त्याखाली विंचू आणि गोमी असतात. आधी काठीने वीट उलटी करावी, मग उचलावी.

चिखल किती ओला असावा? भाकरीच्या पिठाइतका. मुठीत दाबला की गोळा झाला पाहिजे आणि बोटांमधून पाणी निघता कामा नये. मुलं नेहमी पाणी जास्त घालतात, म्हणून त्यांच्यासमोर बादली न ठेवता तांब्या ठेवावा आणि शेजारी कोरड्या मातीचा ढीग असू द्यावा.

पाया आणि लिंपण

जमिनीवर खडूने गडाचा आकार आखा. मधे वीस-पंचवीस विटा किंवा मोठे दगड रचा आणि प्रत्येक थर रचल्यावर हाताने हलवून पाहा. हललेली वीट तशीच ठेवून वर माती थापली की दोन दिवसांनी नेमकी तिथेच भेग पडते. फटींमध्ये कोरडी माती आणि खडी ठासा. पायाची रुंदी उंचीच्या दुपटीपेक्षा कमी नको. उभा कडा हवा असेल तर तो मातीचा न करता एक सपाट दगड उभा लावून करावा.

गुहेसाठी करवंटी पालथी घाला. पत्र्याचा डबा वापरू नये, त्याच्या कडेने मुलांची बोटं कापतात. तळ्यासाठी आइस्क्रीमचा रिकामा डबा याच वेळी बसवून घ्या, नंतर खणून बसवला तर आजूबाजूचा उतार कोसळतो.

आता गोणपाट. मातीच्या पातळ राड्यात बुडवून, पिळून ते या ढिगावर अंथरायचं आणि घड्या मुद्दाम ठेवायच्या, त्याच पुढे डोंगराच्या सोंडा आणि घळी दिसतात. गोणपाटामुळे माती घसरत नाही. त्यावर दोन बोटं जाडीचा चिखल खालून वर थापत न्यायचा. वरून सुरुवात केली तर सगळा थर आपल्याच वजनाने खाली सरकतो. इथे मुलांना मोकळं सोडा. पंजाने थापलेली माती थापीने गुळगुळीत केलेल्या मातीपेक्षा जास्त डोंगरासारखी दिसते.

लिंपण एक दिवस सावलीत सुकू द्या. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा रात्री ताडपत्री घाला. ती किल्ल्याला टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना काठ्या लावा. मांजर असलेल्या घरात ही ताडपत्री पावसाशिवायही लागते, मऊ मातीचा ढीग मांजराला फार आवडतो.

तट, पायऱ्या, दरवाजा

दुसऱ्या दिवशी माती हाताला लागत नाही पण नखाने दाबली तर खूण उठते, अशा अवस्थेत असते. पायऱ्या तेव्हाच कापाव्यात. लाकडी पट्टी आधी आडवी दाबायची, मग उभी. तटबंदीसाठी चिखलाच्या अंगठ्याएवढ्या जाड वळ्या करून एकावर एक ठेवायच्या. खालच्या वळीवर सुरीने रेघोट्या मारून ओलं बोट फिरवलं नाही तर वरची वळी सुकल्यावर सुटून येते. जंग्या, म्हणजे तटातून मारा करायची भोकं, पेन्सिलने पाडाव्यात, हे पाच वर्षांच्या मुलाचं हक्काचं काम.

दरवाजा आधी मावळ्याच्या मापाने बघा. बाजारातले मातीचे मावळे साधारण तीन इंचांचे असतील तर दरवाजा साडेचार इंच हवा. शक्य असेल तर तो रायगडाच्या महादरवाजासारखा दोन बुरुजांच्या आड, वळणावर लपवा. या रचनेला गोमुखी म्हणतात. शत्रूला दरवाजा लांबून दिसत नाही, हत्तीला धडकेसाठी धाव घ्यायला जागा मिळत नाही आणि वळणात अडकलेल्यांवर बुरुजांवरून मारा करता येतो. खेळण्यातला ट्रक किंवा हत्ती घेऊन मुलांना सरळ दरवाजा आणि गोमुखी दरवाजा दोन्हीकडे “धडक” मारून पाहू द्या. सांगून कळणार नाही ते एका मिनिटात कळतं.

तट टिकावा म्हणून काही जण प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. मुलं असताना ते नकोच. ते घट्ट होताना चांगलंच तापतं आणि त्यात हात बुडवून ठेवला तर गंभीर भाजू शकतं.

अळिवाची पेरणी

अळीव वाण्याकडून आणावेत, लाडवाला आणतो तेच. बियाण्याच्या दुकानातल्या बियांना कधी कधी औषध लावलेलं असतं आणि मुलांची बोटं तोंडात जातात. वर सांगितलेल्या मापाच्या किल्ल्याला ५० ते ७५ ग्रॅम पुरतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अळीव आधी भिजत घालणं. त्यांचा बुळबुळीत गोळा होतो आणि तो एका जागी पडून कुजतो. अळीव कोरडेच पेरावेत, भिजलेली असावी ती माती. फवारा बाटलीने उतार ओला करा आणि तीळ भुरभुरवतो तसे अळीव भुरभुरवा. ओल्या मातीला लागताच प्रत्येक बी भोवती चिकट थर धरते आणि जवळजवळ उभ्या कड्यालाही चिकटून राहते. मोहरी आणि नाचणी उतारावरून घरंगळतात, त्या माचीसारख्या सपाट जागी टाका. अळिवावर माती पसरू नका.

पेरणीनंतर पहिला दीड दिवस ओलं सुती फडकं हलकेच झाकून ठेवा. त्याने ओल टिकते आणि चिमण्या दाणे वेचत नाहीत. मोड दिसले की फडकं लगेच काढा, नाहीतर रोपं त्यात गुंततात आणि फडक्याबरोबर उपटून येतात. त्यानंतर दिवसातून तीन वेळा फवारा, प्रत्येक वेळी माती गडद दिसेपर्यंतच. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त होतंय, एक वेळ कमी करा. पायवाटा, पायऱ्या आणि तटावर दाणे पडले असतील तर ते त्याच दिवशी ओल्या ब्रशने टिपून घ्या, नंतर मुळं तट फोडतात.

परदेशातल्या मराठी घरांनाही हे जमतं. ब्रिटनमध्ये मुलं कापसावर जे क्रेस उगवतात ते हेच अळीव. थंडीत मात्र ट्रे घरात, खिडकीशी ठेवावा, कारण गारठ्यात उगवायला दुप्पट दिवस लागू शकतात.

लहान दुखापती

नाकात किंवा कानात अळीव घालणं तीन वर्षांच्या मुलाला सहज सुचतं. तो दाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून त्यात पाणी किंवा तेल घालू नका आणि चिमट्याने कोरू नका. नाकातला दाणा असेल आणि मूल सांगितलेलं ऐकणारं असेल तर दुसरी नाकपुडी दाबून एकदा जोरात शिंकरायला लावा. नाही निघाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

माती डोळ्यात गेली तर चोळू न देता स्वच्छ पाणी सोडत राहा. फटाक्याचा किंवा विटेचा कपरा डोळ्यात घुसला असेल तर तो काढायला जाऊ नका, डोळा दाबू नका, वर एखादा कागदी कप अलगद धरून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

किल्ल्यावर दिव्यांची माळ लावणार असाल तर बटणासारखे चपटे सेल असलेली नको. असा सेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतो. उलटी करवण्यात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठायचं, मूल हसत-खेळत असलं तरी. माळ स्क्रूने बंद होणाऱ्या डब्याची घ्यावी.

पणत्या किल्ल्याच्या मागे किंवा वर ठेवाव्यात. पुढे ठेवल्या की मावळा उचलायला वाकलेल्या मुलीचा परकर नेमका त्यावर येतो. भाजलंच तर नळाचं वाहतं साधं पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून. बांगडी, अंगठी आधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. फोड फोडू नका. तळहाताएवढं भाजलं असेल किंवा चेहऱ्याला, सांध्याला भाजलं असेल तर थंड करून झाल्यावर डॉक्टरांकडे जा.

आणि भाऊबीजेनंतर किल्ला सुतळी बॉम्बने उडवण्याची हौस मोडून काढा. गुहेत ठेवलेल्या फटाक्याने विटेचे तुकडे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर उडतात. किल्ला काढायची मजा पाण्यातही आहे: मुलांच्या हातात पाण्याची झारी द्या आणि कोणता बुरूज आधी ढासळतो ते बघू द्या.

उतरवताना मावळे धुऊन, सुकवून कागदात गुंडाळून ठेवा. माती ओली असतानाच घमेल्यात भरा, अळिवाच्या मुळांसकट ती कुंड्यांना चालते. बाल्कनीतली माती मोरीत किंवा पावसाच्या पाइपात धुऊन सोडू नका, आधी झाडूने कोरडी गोळा करा, मग फडक्याने पुसा. पाइपात बसलेली चिकणमाती मग बाहेर निघत नाही आणि खालच्या मजल्यावर पाणी उतरतं.