कारवीवर काम करायचं असेल तर

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कारवी आणि तिच्या नात्यातल्या झुडपांचा गट घ्यायचा विचार असेल, तर आधी कॅलेंडर बघा. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तुमच्या डोंगरावर बहर येईलच असं नाही. आणि नुसत्या पानांवरून ही मंडळी ओळखणं अवघड, तेव्हा बराच वेळ हर्बेरियममध्ये, म्हणजे कागदांवर (शीटांवर) चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात, जाणार हे गृहीत धरा.

तिथे पहिला गोंधळ नावांचा होतो. एकाच शीटवर जुनी चिठ्ठी म्हणते ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’, तिच्याखालची म्हणते ‘कार्विया कॅलोसा’. झाड तेच. वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी १८३२ मध्ये पहिलं नाव दिलं. १९४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी परागकण, पुंकेसर, बिया तपासून या गटाच्या पन्नासहून जास्त प्रजाती (genus; नावातला पहिला शब्द) केल्या, त्यातली एक कार्विया. (आपल्या कारवीचं नाव असं थेट लॅटिनमध्ये गेलं, याचा मला अजून आनंद होतो.) पुढे २००२ मध्ये कॅरीन आणि स्कॉटलंड यांनी हे सगळे तुकडे पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये घातले. या गटाचं वर्गीकरण होऊ तरी शकतं का, हा प्रश्न त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे.

म्हणून प्रजातीच्या नावावर अडून बसू नका, जातीचं (species) नाव, म्हणजे दुसरा शब्द, धरून मूळ नावापर्यंत मागे जा. ‘कार्विया कॅलोसा (नीस) ब्रेमेकाम्प’ यातला कंसातला माणूस मूळ नाव देणारा, बाहेरचा ते हलवणारा. जातीच्या नावाचं शेपूट मात्र बदलू शकतं: निलगिरिअँथस रेटिक्युलेटस स्ट्रोबिलँथिसमध्ये आली की रेटिक्युलेटा होते, कारण लॅटिनमध्ये लिंग जुळवावं लागतं. डेटाबेसमध्ये शोधताना दोन्ही रूपं टाका.

माझं मत विचाराल तर प्रबंधात एकच मोठी प्रजाती, स्ट्रोबिलँथिस, मानावी, पण ब्रेमेकाम्प बाजूला ठेवू नये. त्यांच्या प्रजाती टिकल्या नाहीत, पण त्यांची निरीक्षणं आजही कामाला येतात.

बहर मिळालाच तर फुलाचा रंग जागेवरच लिहा, वाळल्यावर तो भरवशाचा राहत नाही. एखादं फूल उभं चिरून पुंकेसर मोजा, पाकळीनळीच्या आतले केस बघा. आणि लेबलावर एक ओळ हमखास टाका: अख्खा उतार फुलला होता की एखाददुसरं झुडूप. जुन्या शीटांवर नेमकी हीच माहिती सापडत नाही.